‘टेस्ट’ नावाचा एक्स-रे

एक्स-रेच्या खोलीत बाईमाणूस आलं की विचारायचे प्रश्न तीन. नाव काय, दुखतंय कुठे, आणि कंबरेचा किंवा पोटाचा फोटो असेल तर शेवटची पाळी कधी आली. ताईने अकरा वर्षांत हा तिसरा प्रश्न इतक्यांदा विचारला होता की आता तो तोंडातून आपोआप निघायचा. उत्तर ऐकायचं, तारीख लिहायची, दिवस पुढे गेले असतील तर बाईला परत पाठवायचं. पोटात मूल असताना तिथे किरण मारायचे नसतात, तो प्रश्न एवढ्यासाठीच होता. त्याच्या पलीकडे तिने त्याच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिची धाकटी बहीण मागच्या दाराने आत आली. घरी आणि मैदानावर सगळे तिला भिंगरी म्हणत. लहानपणी ती एका जागी दोन मिनिटं टिकत नसे म्हणून पडलेलं नाव, पुढे ती लांब पल्ल्याच्या शर्यती धावू लागली तेव्हा पक्कं चिकटलं. आता ती बावीस वर्षांची होती. येत्या रविवारी निवड चाचणी होती, दहा हजार मीटरची. पहिल्या दोघी देशाच्या संघात जाणार होत्या. भिंगरीने आठ वर्षं पहाटे उठून मैदान तुडवलं होतं ते ह्याच एका रविवारसाठी.

“ताई, एक फोटो काढ ना,” ती म्हणाली. “इथला.” आणि तिने हात डाव्या जांघेवर ठेवला.

“दुखतंय?”

“दुखत नाही गं. ओढल्यासारखं होतं.”

ताईने बहिणीकडे नीट पाहिलं. दारापासून टेबलापर्यंतची सहा पावलं भिंगरी अशी टाकत आली होती की डाव्या पायाला आपण येतोय हे कळूच नये.

तीन आठवड्यांपूर्वी ती अशीच आली होती, नडगी दुखते म्हणून. तेव्हा ताईने चिठ्ठीबिठ्ठी काही न घेता फोटो काढला होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एक्स-रे काढायचा नाही हा नियम, पण सख्ख्या बहिणीला कोण चिठ्ठी मागतं? मशीनला मात्र काहीतरी नाव द्यावंच लागतं. रोज सकाळी मशीन सुरू केल्यावर प्लॅस्टिकच्या एका ठोकळ्याचा फोटो काढून बघतात, तो ‘टेस्ट’ नावाने साठतो आणि डॉक्टरांच्या यादीत जात नाही. भिंगरीची नडगीही त्या ठोकळ्यांच्या रांगेत जाऊन बसली. ताईने स्क्रीनवर फोटो मोठा करून वरखाली पाहिला आणि ऐटीत सांगितलं, “हाड एकदम स्वच्छ आहे. पळ खुशाल.”

खरं तर फोटो काढणं तिचं काम, वाचणं डॉक्टरांचं. पण घरी तिला सगळे ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत. आईचा गुडघा, मामांचा खांदा, शेजारणीचं मनगट, सगळे आधी तिच्याकडे यायचे आणि ती म्हणेल ते खरं मानायचे. हे तिला आवडायचं. फार आवडायचं, लपवून काय उपयोग. आणि असं आवडत असलं की माणूस ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द हळूहळू विसरतो.

“झोप,” ताई म्हणाली. तिने टेबल खाली घेतलं, वरचा दिवा जुळवला, बहिणीच्या पायाची बोटं किंचित आत वळवली. भिंगरीचा चेहरा क्षणभर आक्रसला, पण ती काही बोलली नाही. कंबरेची दोन्ही हाडं पातळ कपड्याखालून टोचून वर आली होती. ताईने कागद पुढे ओढला आणि सवयीने विचारलं, “शेवटची पाळी?”

“गेल्या वर्षी.”

ताईचं पेन तारखेच्या चौकटीवर टेकलेलं होतं. “तारीख विचारतेय.”

“तारीख कशाला लक्षात राहील? थंडी संपत आली होती. अकरा महिने झाले असतील.” भिंगरी छताकडे बघत हसली. “घाबरू नकोस, तसलं काही नाहीये. पळण्यातून उसंत मिळेल तर ना.”

“अकरा महिने? आणि तू कुणाला बोलली नाहीस?”

“आईला माहितीये. सरांनाही माहितीये. सर म्हणाले, जोरात सराव करणाऱ्या मुलींचं थांबतंच, सराव बरोबर चाललाय असं समजायचं. बरंच आहे की. शर्यतीच्या दिवशी कटकट नाही.”

तीन आठवड्यांपूर्वी नडगीचा फोटो काढताना हा प्रश्न विचारायचं कारणच नव्हतं. नडगी पोटापासून लांब असते. त्यामुळे तिने विचारलं नव्हतं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ एका छपराखाली राहून तिला कळलंही नव्हतं.

तिने काचेमागे जाऊन बटण दाबलं. फोटो स्क्रीनवर आला. मांडीचं हाड वर जिथे वळून कंबरेच्या खोबणीत बसतं, तिथे ते बारीक होतं. त्या भागाला मान म्हणतात. अख्ख्या शरीराचा भार प्रत्येक पावलाला त्या मानेवर येतो. डाव्या मानेच्या खालच्या कडेला ताईला एक पुसट पांढरी रेघ दिसली. तिने डोळे चोळले, उजेड कमीजास्त केला. रेघ कधी दिसे, कधी नाही.

“काय?” भिंगरी टेबलावरून उठून तिच्या मागे येऊन उभी राहिली होती.

“नीट कळत नाही.”

“म्हणजे स्वच्छ.”

“मी तसं म्हटलेलं नाही.”

“मग काय म्हणतेस?”

“मॅडमना दाखवते,” ताई म्हणाली. मॅडम म्हणजे फोटो वाचणाऱ्या डॉक्टरबाई.

“दाखव. मग त्या विचारतील चिठ्ठी कुठेय. मग विचारतील आधी कधी काढला होता का. मग तुझी नोकरी आणि माझी शर्यत, दोन्ही एका दमात.” भिंगरीचा आवाज शांत होता, पण खुर्चीच्या पाठीवर टेकलेली तिची बोटं पांढरी पडली होती. “ताई, आठ वर्षं झाली. आणि आता फक्त तीन दिवस राहिलेत. सोमवारी तू नेशील तिथे येते. हवं तर मोठ्या मशीनमध्ये घाल. पण रविवारपर्यंत गप्प बस.”

ताई गप्प बसली. बहिणीवरच्या मायेने बसली असं तिला स्वतःला सांगायला आवडलं असतं. पण नोकरीची भीतीही त्यात होती, आणि ‘स्वच्छ आहे’ म्हणून आपण ऐटीत सांगितलेलं चुकलं की काय ही भीती तर त्याहून मोठी होती. तो फोटोही ‘टेस्ट’च्या यादीत गेला.

त्या रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. भिंगरी ताटाशी बसली होती आणि तिचं नेहमीचं चाललं होतं. भात चमच्याने मोजून, तेलाचा थेंब दिसेल ते बाजूला, अंड्यातलं पिवळं काढून आईच्या ताटात. हे घरात सगळे इतकी वर्षं बघत होते की त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आलेल्या पाहुण्यांपुढे आई कौतुकाने सांगायची, जिभेवर ताबा असावा तर माझ्या धाकटीसारखा. ताईनेही सांगितलं होतं, दवाखान्यात, चारचौघींत.

“आई,” ताई म्हणाली, “हिची पाळी अकरा महिने आलेली नाही.”

आईने भिंगरीकडे पाहिलं, मग ताईकडे. “ते पळण्यामुळे असतं ना? सर म्हणाले होते. सोडलं की आपोआप येतं म्हणे.”

“सरांना काय कळतं त्यातलं?”

“मग तू सांग ना. तुला कळतं.” आई हे खोचून बोलली नव्हती. तिला खरंच वाटत होतं की मोठीला कळतं. “पायाचं तू बघितलं होतंस ना? स्वच्छ आहे म्हणाली होतीस.”

भिंगरीने मान वर केली नाही. जेवण झाल्यावर ती वरच्या खोलीत गेली. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर उजवा पाय आधी, मग डावा त्याच्या शेजारी, मग परत उजवा. ताई खाली उभी राहून ते मोजत होती. चौदा पायऱ्यांना पूर्वी त्या पोरीला तीन उड्या पुरत.

शुक्रवार तिने घालमेलीत घालवला. दोनदा मॅडमच्या दारापर्यंत गेली आणि दोनदा उगाच काहीतरी विचारून परत आली.

शनिवारी संध्याकाळी स्ट्रेचरवरून एक आजीबाई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. न्हाणीघरात पाय घसरला नव्हता, आधी कशाला अडखळल्याही नव्हत्या. “मी नुसती वळले गं पोरी,” त्या सांगत होत्या, “वळले आणि आत काडकन वाजलं, मग पडले.” ताईने हळूच त्यांच्या पायाखाली उशी सरकवली, वरचा दिवा जुळवला, बटण दाबलं. मान दुभंगली होती. अगदी तीच जागा. आणि बाकीचं हाड इतकं फिकट की मागचं सगळं त्यातून आरपार दिसत होतं.

ताई बराच वेळ त्या फोटोसमोर बसून राहिली. मग तिने ‘टेस्ट’ची यादी उघडली, गुरुवारचा फोटो काढून त्याच्या शेजारी लावला, आणि ती जी हादरली त्याचं कारण रेघ नव्हती. बावीस वर्षांच्या मुलीचं हाड अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हाडाशेजारी ठेवल्यावर जेवढं वेगळं दिसायला हवं, तेवढं ते वेगळं दिसत नव्हतं.

ती उठली आणि थेट मॅडमच्या खोलीत गेली. ह्या वेळी तिने दार वाजवण्याआधी थांबून विचार केला नाही, कारण केला असता तर ती परत फिरली असती.

“मॅडम, एक फोटो बघाल?”

मॅडमनी स्क्रीन स्वतःकडे वळवली. “नाव ‘टेस्ट’? ठोकळ्याला कंबर कधीपासून फुटली?”

“माझी बहीण आहे.”

मॅडम हसायच्या थांबल्या. त्यांनी फोटो मोठा केला, उजेड बदलला, खालच्या कडेवर पेनचं टोक नेऊन थांबवलं. “वय?”

“बावीस.”

“वजन?”

“एक्केचाळीस. उंची माझ्याएवढी.”

“काय करते?”

“धावते. दहा हजार मीटर.”

“पाळी?”

“अकरा महिने नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “चालताना दुखतं?”

“ओढल्यासारखं होतं म्हणते. पण जिना एकेक पायरी करून चढते.” ताईने उरलेलंही सांगून टाकलं. “तीन आठवड्यांपूर्वी तिची नडगी दुखत होती. तेव्हाही मी चिठ्ठीशिवाय फोटो काढला. तिला सांगितलं हाड स्वच्छ आहे म्हणून.”

“ताणाने गेलेली बारीक चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही. तुम्हाला शिकवलं असेल.”

“शिकवलं होतं.”

मॅडम रागावल्या असत्या तर ताईला सोपं गेलं असतं. त्यांनी नुसतं कपाळ चोळलं. “हे बघा,” त्या म्हणाल्या, “मुलगी एवढी पळते आणि पोटात जेमतेमच काही जातं. शरीर मग एकेक काम बंद करत जातं. जीव जगवायला जे लागत नाही ते आधी. पाळी थांबली की हाड भरायचं कामही मागे पडतं, आणि वरून रोज हजारो पावलांचा मार. व्यायामाने हाड बळकट होतं ते खरं, पण घडवायला माल तर हवा. ही रेघ चीर आहे की नाही ते एमआरआय सांगेल. तोवर चीर आहे असंच धरायचं. डाव्या पायावर भार नको. चालायचंसुद्धा नाही, कुबड्या घ्यायच्या. ही मान पूर्ण मोडली तर खोबणीत बसणाऱ्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग स्क्रू घालून सांधलं तरी भरवसा नाही. आत्ता कुठे आहे ती?”

“सकाळीच गेली, सरांबरोबर. उद्या आठला शर्यत आहे.”

“मग तुम्ही इथे काय करताय?” मॅडम म्हणाल्या. “तुमचं काय करायचं ते सोमवारी बोलू. ते बोलावं लागणारच आहे. आधी तिला थांबवा.”

मैदान दुसऱ्या गावात, बसने अडीच तासांवर होतं. भिंगरीचा फोन बंद होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी सर मुलींचे फोन काढून घेत, चित्त विचलित नको म्हणून. ताईने सरांना लावला. त्यांनी ऐकून घेतलं, अगदी सभ्यपणे. “ताई, मॅडम स्वतः म्हणाल्या का की मोडलंय? नाही ना? एमआरआय सांगेल म्हणाल्या. मग एमआरआय सोमवारी करू. तिला आत्ता हे सांगितलंत तर धावायच्या आधीच हरेल. आणि हाड स्वच्छ आहे असं तुम्हीच तर सांगितलं होतंत.” मग त्यांचाही फोन बंद झाला. तोवर संध्याकाळची शेवटची बस निघून गेली होती.

रविवारी पहाटेची पहिली बस ताईने पकडली. बस प्रत्येक थांब्यावर थांबली, आणि दर वेळी ड्रायव्हर जणू तिच्यावर सूड उगवत असल्यासारखा आरामात उतरून आळस देत होता. तिला त्याचा गळा धरावासा वाटला. घड्याळात सात वाजून पस्तीस मिनिटं झाली तेव्हा ती मैदानाच्या फाटकातून आत धावत शिरली. आयुष्यात ती कधी धावली नव्हती. घरातला धावण्याचा सगळा कोटा धाकटीने घेतला आहे असा त्यांच्यात जुना विनोद होता.

मुली अंग मोकळं करत होत्या. लांबून सगळ्या सारख्याच दिसत होत्या, काटक्या आणि केसांच्या शेपट्या. भिंगरी कडेला, पाठीवर नंबर लावून उभी होती. बाकीच्या उड्या मारत होत्या, ती नुसते हात फिरवत होती.

“तू इथे का आलीस?” तिने विचारलं. का, ते तिला कळलं होतं.

“मॅडमनी फोटो पाहिला. तू पळायचं नाहीस. पाय मोडेल.”

“मोडलाय असं म्हणाल्या?”

“मोडेल म्हणाल्या.”

“म्हणजे नाही मोडलेला.” भिंगरीचे ओठ कोरडे पडले होते. “पंचवीस मिनिटं राहिलीत, ताई. जा, वर जाऊन बस.”

सर तरातरा आले. उंच, उन्हाने रापलेला माणूस, गळ्यात शिट्टी. तो दुष्ट नव्हता. आठ वर्षं तोही रोज पहाटे चार वाजता उठला होता, ह्या पोरीसाठी. पण हलकं ते वेगवान हे त्याच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलं, आणि पोरी जिंकत होत्या तोवर त्याला कुणी विचारलंही नव्हतं. “ताई, तमाशा नको,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

“त्याचसाठी आलेय.”

“तूच म्हणालीस स्वच्छ आहे,” भिंगरी म्हणाली. आता तिचा आवाज चढला. “तू बघितलंस, तू मोठा करून बघितलंस, आणि मला म्हणालीस पळ. आता शर्यतीच्या दिवशी शब्द फिरवतेस?”

आजूबाजूच्या मुली थांबून बघायला लागल्या. ताईला लाज वाटली, आणि लाज वाटली ह्याचा रागही आला.

“मला फोटो वाचता येत नाहीत,” ती म्हणाली. “ऐकलंस? मी डॉक्टर नाही. मी बटण दाबते. घरी सगळे विचारतात म्हणून मी सांगत सुटते. मला काही माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोलले. माझ्या त्या बोलण्याला काडीची किंमत नाही.”

भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. काहीतरी तिच्या चेहऱ्यावर हललं, पण तेवढ्यात सरांनी हात वर केला. “ठीक आहे. वाद कशाला? आत्ताच्या आत्ता कळेल. भिंगरी, डाव्या पायावर उडी मार. एकच. दुखलं तर मी स्वतः तुझा नंबर काढतो. नाही दुखलं, तर ताई, तुम्ही वर जाऊन बसायचं.”

त्याला ते अगदी न्यायाचं वाटत होतं. मैदानावर सगळे तसंच करतात. पोटरी आखडली, उडी मारून बघ. घोटा मुरगळला, उडी मारून बघ. हाडाच्या मानेत चीर असेल तर एवढी एक उडीसुद्धा पुरे होईल, हे त्याच्या गावीही नव्हतं.

“नको,” ताई म्हणाली. “सर, हे नका करू.”

भिंगरीने ताईकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि उजवा पाय गुडघ्यात वाकवून वर घेतला. तिचं सगळं अंग आता डाव्या पायावर आलं. तिने श्वास आत ओढला आणि उडीसाठी गुडघा वाकवला.

ताईने विचार केला नाही. स्ट्रेचरवरून टेबलावर माणसं घेताना रोज करायची तेच केलं. एक हात पाठीमागून काखेखाली, दुसरा दोन्ही गुडघ्यांखाली, आणि उचल. शंभर किलोच्या माणसासाठी लावायचा तो जोर तिने लावला, आणि भिंगरी एखादी रिकामी बादली यावी तशी झटक्यात वर आली. ताईचा तोलच जाणार होता. एवढीशी उरली होती तिची बहीण, आणि ह्याचंच घरादाराने कौतुक केलं होतं.

“सोड,” भिंगरी म्हणाली. “सोड मला.”

ताई चालायला लागली. भिंगरीने तिच्या खांद्यावर बुक्क्या मारल्या, केस ओढले, कानाशी नखं लागली. सर मागून काहीतरी म्हणत होते. कुणीतरी हसलं, मग हसायचं थांबलं. ताई ट्रॅकच्या कडेकडेने, गवतावरून, फाटकाच्या दिशेने चालत राहिली. हात भरून आले होते. ती पडली तर बहीण पडेल, एवढंच तिला कळत होतं.

“मी तुला कधीच माफ करणार नाही,” भिंगरी म्हणाली. “मरेपर्यंत नाही.”

“नको करूस.”

फाटकाजवळ भिंतीला लागून एक बाक होतं. ताई तिला मांडीवर घेऊनच बसली, खाली ठेवलं तर उठून पळेल ह्या भीतीने. ध्वनिक्षेपकावर नंबर पुकारले गेले. भिंगरीचा नंबर दोनदा पुकारला. तिसऱ्यांदा नाही. भिंगरीने बुक्क्या मारायचं थांबवलं होतं. ती कान देऊन ऐकत होती.

मग बार झाला. त्या आवाजासरशी भिंगरीचे दोन्ही पाय ताईच्या हातात आपसूक झटकले गेले, आठ वर्षांच्या सवयीने, आणि तिच्या तोंडून “आई गं” निघालं. मोठ्याने, अंग कळवळून. असा आवाज ताईने तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकला नव्हता.

“दुखलं?”

भिंगरीने मान हलवली. हो म्हणून. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. ट्रॅकवर मुली पहिलं वळण घेऊन पुढे गेल्या.

“किती दिवस असं दुखतंय?”

“महिना होऊन गेला. आधी फक्त पळताना. आता झोपेत कूस बदलली तरी दुखतं.”

“महिना?” ताईने मनात हिशेब केला. “म्हणजे नडगी दाखवायला आलीस तेव्हाही? मग सांगितलं का नाहीस गं?”

भिंगरी ट्रॅककडे बघत होती. “सांगणार होते,” ती म्हणाली. “त्याच दिवशी सांगणार होते. पण तू म्हणालीस हाड एकदम स्वच्छ आहे. मग मला वाटलं, दुखणं माझ्या मनातच असणार.”

ताईने तिला आणखी जवळ घेतलं.